माझी लाल शाई

दिवाळीत लोक फराळाला बसतात, मी उत्तरपत्रिकांना बसतो. यंदाही पहिल्या आंघोळीच्या सकाळी डाव्या हातात चकली आणि उजव्या हातात लाल पेन असा थाट होता. जीवरसायनशास्त्रात संशोधन करणारी माझी भाची आली होती. गठ्ठ्यांकडे पाहून ती म्हणाली, "मामा, तुझ्याहून कसलेला तपासनीस आमच्याकडे आहे. त्याला पगार नाही, सुट्टी नाही, आणि तुझ्या अंगातसुद्धा तो आत्ता काम करतो आहे."

त्याचे नाव युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज. वाचकहो, ते उच्चारायला मला चकली खाली ठेवावी लागली. हे एक एन्झाइम, म्हणजे मराठीत विकर. तिने सांगितले ते माझ्या भाषेत सांगतो.

डीएनए ही चार अक्षरांची पोथी. ॲडेनिनची जोडी थायमिनशी, सायटोसिनची ग्वानिनशी. माणसाच्या एका संचात अशा सुमारे ३ अब्ज जोड्या. छापखान्यातला खिळा झिजून ‘भ’ची गाठ गेली की ‘भाऊ’चा ‘माऊ’ होतो, तसेच सायटोसिनचे होते. पेशीतल्या पाण्यामुळे त्याचा अमिनो गट गळतो आणि उरतो युरॅसिल. एकेका पेशीत रोज अशी शे-दोनशे अक्षरे बिघडतात.

मग पोथी टिकते कशी? स्वीडनच्या टॉमास लिंडाल यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. १९७४ साली त्यांना ई. कोलाय या जीवाणूत हे विकर सापडले. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार यांच्यासह मिळाले, ते डीएनएच्या दुरुस्तीबद्दलच. माणसातल्या विकराची घडण १९९५-९६ च्या सुमारास स्फटिकांवर क्ष-किरण टाकून पाहता आली.

ती घडण मोठी गमतीची आहे. विकर डीएनएचा धागा चाचपत जाते. युरॅसिल आढळला की धागा चिमटीत धरून ते अक्षर ओळीतून बाहेर वळवते आणि आपल्या खिशात घेते. रिकाम्या झालेल्या जागी स्वतःचे ल्युसिन खुपसते, म्हणजे अक्षर मागे फिरायला नको. मग साखरेशी असलेला त्याचा बंध तोडते. पुढचे काम इतरांचे: एक विकर तिथे धागा कापते, दुसरे समोरचा ग्वानिन पाहून योग्य अक्षर भरते, तिसरे सांधा जुळवते.

"आणि त्या खिशात थायमिन शिरला तर?" मी परीक्षकी प्रश्न टाकला. कारण थायमिन म्हणजे डोक्यावर टिंब दिलेला युरॅसिल. एका मिथिल गटाचाच काय तो फरक.

"शिरतच नाही. खिशाच्या तोंडाशी टायरोसिन उभा आहे. त्या टिंबाला तो आत येऊ देत नाही. म्हणून तर डीएनएत युरॅसिलऐवजी थायमिन असतो. नाहीतर मूळचे अक्षर कोणते आणि बिघडलेले कोणते, हे कळणार कसे? मात्र दुरुस्ती नक्कल निघण्याआधी व्हायला हवी. नक्कल करताना युरॅसिलसमोर ॲडेनिन बसतो, त्याच्या पुढच्या नकलेत ॲडेनिनसमोर थायमिन. मग जोडी बिनचूक दिसते आणि चूक कायमची होते."

ती फराळाला आत गेली. मी मात्र पेन खाली ठेवले.

फार वर्षांपूर्वी वऱ्हाडातली एक मुलगी माझ्या वर्गात होती. कॉलेजच्या वार्षिकासाठी तिने एक गोष्ट दिली. त्यातली आई लेकीला विचारते, "काहून रडतेस?" मी ‘काहून’वर काट मारून वर ‘का’ लिहिले. नऊ पानांत तो शब्द जिथे जिथे आला, तिथे तिथे मारली. समासात ‘प्रमाणभाषा वापरावी’ असा शेराही दिला. मुलीने वही निमूटपणे घेतली. गोष्ट छापून आली, शुद्ध आणि सुबक. तिने दुसरी गोष्ट मात्र दिली नाही. आपण शुद्धलेखन सुधारले, अशा समाधानात मी होतो.

‘काहून’ हा झिजलेला खिळा नव्हता. ते टिंब दिलेले, जागेवरचे अक्षर होते. माझ्या लाल शाईच्या तोंडाशी कोणी टायरोसिन उभा नव्हता, एवढेच.

दुपारी कपाटातून ते वार्षिक काढले आणि माझ्या प्रतीत पेन्सिलीने सगळे ‘काहून’ परत जागेवर बसवले. बाकीच्या प्रती घरोघरी गेल्या, त्या ‘का’ म्हणतच राहणार. नक्कल निघून गेली आहे.

त्या बाईंचा पत्ता आता मिळाला आहे. आपल्याच बोलीतली आणखी एक गोष्ट त्यांनी लिहावी, असे त्यांना कळवणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. उत्तर मला ठाऊक आहे, तरीही विचारायला हवा: पुढे काहून लिहिले नाही?