गिरणेच्या वाळूवर बायकांचं मत का नको?

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात बायका मतदान मागू शकतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. हा हक्क कुणी ओवाळणीत घातलेला नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहाद्यात, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली. त्यांच्यासारख्या अनेकींच्या लढ्यातून तो आला आहे.

मग प्रश्न असा, की नवऱ्याची दारू बंद करण्याइतकी अक्कल जिला आहे असं सरकार मानतं, तिला गावाचं पाणी राखण्याची अक्कल नाही का? गिरणा, पांझरा, तापीच्या पात्रातली वाळू उपसायची की नाही, हे ठरवताना तिचं मत कुठे आहे?

जळगाव-धुळ्यातल्या नदीकाठच्या कितीतरी गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी नदीपात्रात किंवा अगदी काठावर आहेत. उन्हाळ्यात वरून नदी कोरडी दिसते, पण वाळूखाली पाणी असतं. झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. वाळू ही नदीची टाकी आहे. हिशेब साधा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २८०० लिटर. जाड वाळूत साधारण तिसरा हिस्सा पोकळी धरली तर भिजलेल्या एका ब्रासच्या पोटात नऊशे लिटर पाणी मावतं. त्यातलं सहाशे-सातशे लिटर झिरपून विहिरीत येऊ शकतं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने ते दहा-बारा माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. ही टाकी प्रत्येक पावसाळ्यात फुकट भरते. ट्रॉलीतून वाळू जाते, तेव्हा ही साठवण कायमची जाते. २०२३ च्या धोरणात सरकारने एका ब्रासचा दर ६०० रुपये ठेवला होता. त्यात पाण्याची किंमत कुणी धरली?

ठेकेदार म्हणतो, खड्ड्यातही पाणी साठतंच की! साठतं, आणि खानदेशच्या उन्हात उडूनही जातं. वाळूखालचं पाणी झाकलेलं असतं, म्हणून टिकतं. शिवाय पात्र खोल गेलं की काठावरच्या विहिरींचं पाणी त्या खोल पात्राकडे ओढलं जातं. विहीर होती तिथेच राहते, पाणी खाली जातं. पंचायत मग आणखी खोल खणते, जादा अश्वशक्तीची मोटार बसवते आणि पाणीपट्टी वाढवते. वाळू परत येईल ही आशाही फोल आहे. वाळू पुराबरोबर येते, आणि गिरणा धरणाने १९६९ पासून वरून येणारा गाळ-वाळू अडवली आहे. शंभर वर्षांत साचलेलं आपण दहा वर्षांत विकतो आहोत.

कायदे नाहीत असं नाही. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने वाळू उपशाला चाप लावला, त्यानंतरच्या धोरणात ग्रामसभेची शिफारस आली. त्यामागे सुमैरा अब्दुलाली या बाईंची याचिका होती. वाळूचोरीला आडव्या गेल्या म्हणून २००४ साली किहीमला त्यांनी मार खाल्ला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपककुमार खटल्यात लहान क्षेत्राच्या उपशालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन मीटर किंवा भूजल पातळी, यांतलं जे कमी तितकंच खोल जाण्याची मर्यादा आहे. सरकारने २०२३ साली डेपो काढले, २०२५ साली पुन्हा लिलाव आणले. धोरण बदललं तरी रात्रीचे डंपर थांबले नाहीत. तलाठी, तहसीलदारांच्या अंगावर वाहनं घालण्यापर्यंत ज्यांची मजल जाते, ते ग्रामसभेच्या ठरावाला काय भीक घालणार?

आणि ग्रामसभा म्हणजे तरी कोण? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं ग्रामपंचायत कायदा सांगतो. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकते, अंगठे घरी येऊन घेतले जातात. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण वाळूच्या बोलणीला सरपंचबाईंचा नवरा बसतो. ट्रॅक्टर त्यांच्याच भाऊबंदांचे, हप्ता त्यांच्याच ओळखीतला. उपशाचा पैसा पुरुषांच्या हातात जातो, बराचसा गुत्त्यावर जातो. पाण्याची पायपीट मात्र बाईच्या वाट्याला येते. हे घरातल्या कामाच्या वाटणीचंच राजकारण आहे, म्हणून हा निव्वळ पर्यावरणाचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येणार नाही.

यात आपल्यापुढची अडचणही झाकून ठेवू नये. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा आपलाच असतो, पाट्या भरणारी बाई भूमिहीन असते, घरकुलाला वाळू आपल्यालाही लागते. म्हणून ‘सगळं बंद’ एवढीच घोषणा पुरणार नाही. गावाच्या गरजेपुरती वाळू हाताने, दिवसाढवळ्या, पाणवठ्यापासून दूर काढता येईल. ती काढणाऱ्या मजुरांना रीतसर मजुरी मिळाली पाहिजे. शहरातल्या इमारतींसाठी यंत्राने होणारा उपसा वेगळा, आणि विरोध त्याला आहे. पांझरेच्या काठाने शेकडो वर्षं फड पद्धतीने पाणी वाटून घेतलं. वाटून घेण्याची रीत इथल्या मातीत आहे.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवू या. वाळूगटाचा लिलाव करायचा असेल तर आधी त्या गावच्या महिला मतदारांचं गुप्त मतदान घ्या. निम्म्याहून अधिक जणींनी नकार दिला तर लिलाव रद्द. मग वरचा कोणताही अधिकारी तो फिरवू शकणार नाही. मतदानाआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा अहवाल मराठीत, चावडीवर, वाचून दाखवा. शिफारस नको, नकाराचा अधिकार हवा.

तोवर वाट पाहत बसायचं कारण नाही. येत्या ग्रामसभेआधी महिलांची सभा खरोखर भरवा. विहिरीतलं पाणी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत लिहा. ठराव लिहून, सह्या घेऊन, त्याची पोच घ्या. आडवी बाटली आपण करून दाखवली. आता डंपरला आडवं व्हायचं आहे, तेही एकटीदुकटीने नव्हे, गावच्या गावाने.