मुद्दल शाबूत, व्याज नवे

दिवाळीपूर्वीची आवराआवर सुरू झाली की नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या जुन्या घरांत काय, माळ्यावरचे एखादे खोके हमखास खाली उतरते. त्यात पितळी वजने असतात, जुन्या खतावण्या असतात, बंद पडलेला रेडिओ असतो आणि क्वचित पत्र्याचा एखादा खेळण्यातला यंत्रमानवही निघतो. कोणे एके काळी मुंबईला किंवा हैदराबादला खरेदीला गेलेल्या आजोबांनी तो मुलासाठी आणलेला असतो. त्या मुलाचे केस आता पिकलेले असतात आणि खोक्याभोवती जमलेली असतात ती त्याची नातवंडे.

येथेच घरात दोन पक्ष पडतात. नातू म्हणतो, याच्या पोटात नवे सर्किट बसवू, मोबाइलवरून चालवू, याला बोलायला लावू. वडीलधारे म्हणतात, त्याला हात लावू नका, पुसून काचेच्या कपाटात ठेवा. एकाला वस्तू जिवंत हवी असते, दुसऱ्याला ती होती तशी हवी असते. दोन्ही मागण्या रास्त आहेत. प्रश्न एवढाच की दोन्हींचा हिशेब एकाच पानावर जुळतो का?

‘रोबो’ हा शब्द तसा फार जुना नाही. झेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगाला मिळाला. मूळ झेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी असा आहे आणि तो सुचवला चापेक यांचे बंधू योसेफ यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील कारखान्यांनी पत्र्याचे रंगीत यंत्रमानव मोठ्या संख्येने बनवले आणि ते जगभर गेले. त्यांची रचना साधी असे. विजेरीत घालतात तसे दोन सेल, एक छोटी मोटार आणि दातेरी चाकांची एक माळ. त्या एकाच मोटारीवर पाय सरकत, हात हलत, छातीतला दिवा लुकलुके. पुढे १९८४ साली टोमी या जपानी कंपनीने ‘ऑम्निबॉट’ आणला. त्याच्या छातीत चक्क कॅसेट बसत असे आणि त्याला दिलेल्या हालचालींच्या आज्ञा तो त्या फितीवर साठवून ठेवी. आज जगभरातील हौशी मंडळी याच ऑम्निबॉटच्या पोटात हाताच्या तळव्यावर मावणारा संगणक बसवून त्याला पुन्हा उभा करतात.

खेळणे बंद पडले म्हणजे ते मेले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा दोष सेलचा असतो. सेल वर्षानुवर्षे आत राहिला की तो पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरट किंवा हिरवट थर चढवतो. अल्कलाइन सेलचा थर व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या दोन थेंबांनी सुटतो. जुन्या साध्या सेलचा थर आम्लधर्मी असल्यामुळे त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लागतो. हातमोजे घालून एवढी सफाई केली, गंजलेली पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली आणि दातेरी चाकांना तेलाचा एकच थेंब दिला, तरी पुष्कळ यंत्रमानव पाऊल उचलतात. नव्या सर्किटचा विचार त्यानंतर करावा. दुकान विकत घेण्याआधी जुनी येणी तपासावीत, त्यातलाच हा प्रकार.

त्यापुढे जायचेच असेल तर व्यापारी घरांना वेगळा नियम शिकवावा लागत नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून करायचा. तारण ठेवलेला दागिना बँक जसाच्या तसा परत करते, तो वितळवून नवा घडवत नाही. जुन्या खेळण्यालाही हीच शिस्त लावावी. पत्र्याला नवे भोक पाडायचे नाही, मूळ रंगावर रंग द्यायचा नाही, मूळ तार कापायची नाही. जे काढावे लागेल ते पुडीत बांधून, वर चिठ्ठी लावून जपून ठेवायचे. जे बसवायचे ते स्क्रू फिरवून पुन्हा निघेल असेच बसवायचे. संग्राहक मूळ स्थितीतल्या वस्तूला आणि तिच्या मूळ खोक्याला जास्त मोल देतात, हे व्यवहाराचे कारण झाले. याहून मोठे कारण असे की आज घेतलेला निर्णय उद्याच्या पिढीला बदलता आला पाहिजे.

या कामातले धोकेही समजून घ्यावेत. जुन्या खेळण्यात अनेकदा पत्र्याचे शरीरच तारेचे काम करते, म्हणजे सेलमधून निघालेली वीज पत्र्यातूनच परत येते. अशा पोटात उघडे सर्किट ठेवले तर ते क्षणात जळते. म्हणून आधी आतून चिवट प्लास्टिकचे अस्तर लावावे. सर्किटच्या चिपमधून मोटारीला थेट वीज देऊ नये. चिपच्या एका पायातून काही मिलिअँपिअर एवढीच वीज मिळते, तर अडकलेली मोटार त्याच्या कितीतरी पट ओढते. दोघांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचे छोटे सर्किट हवे. हुकूम चिपने द्यावा आणि ओझे ड्रायव्हरने उचलावे. मोटारीच्या दोन टोकांवर छोटा कपॅसिटर नसेल तर तिच्या ठिणग्यांनी चिप मध्येच गोंधळते. शिवाय बंद पत्र्याच्या आत वाय-फायच्या लहरी नीट पोहोचत नाहीत, म्हणून अँटेना एखाद्या फटीजवळ आणावी लागते. लिथियम सेल वापरायचा तर संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा, कारण धातूच्या पोटात शॉर्ट सर्किट झाले तर आग लागू शकते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, तेव्हा वस्तू तोंडात घालणाऱ्या बाळाच्या हाती असे खेळणे मुळीच देऊ नये. नव्या खेळण्यांना भारतात १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. माळ्यावरच्या खेळण्याला मात्र घरातल्या माणसांचीच नजर हवी.

इतका खटाटोप निव्वळ करमणुकीसाठी करावा का, असे कोणी विचारील. त्याला एक फार चांगले उत्तर आहे.

काही घरांत असे मूल असते की ज्याची बोटे त्याचे ऐकत नाहीत. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला खेळण्याच्या पाठीवरचे बारीक बटण सरकवता येत नाही. भावंडे खेळतात, ते पाहत राहते. अशा मुलांसाठी जगभर एक साधी युक्ती वापरली जाते. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन चकत्या घेऊन त्यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. दोन्ही तांब्याच्या चकत्यांना एकेक तार जोडून त्या तारा तळहाताएवढ्या मोठ्या बटणाकडे नेतात. ही तिहेरी चकती सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवली आणि खेळण्याचे मूळ बटण चालू ठेवले की यंत्रमानव थांबून राहतो. मुलाने तळव्याने, कोपराने किंवा गालाने मोठे बटण दाबले की तो चालू लागतो. ज्याला बटण दाबून धरता येत नाही, त्याच्यासाठी मध्ये एक चिप बसवून एका स्पर्शात खेळणे १० सेकंद चालेल अशी सोय करता येते. यात एकही भोक पडत नाही, एकही मूळ तार कापली जात नाही. चकती काढली की खेळणे पूर्ववत. मुद्दल शाबूत राहते, आणि व्याज म्हणून त्या मुलाला आयुष्यात प्रथमच कळते की आपण केले म्हणून काहीतरी घडले. ज्याचे सगळे दुसऱ्यांनी करायचे, त्याच्या हाती आलेला हा पहिला अधिकार असतो.

गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या बेतोडा गावच्या एका रोजंदारी कामगाराची हकिकत २०२२ साली वृत्तपत्रांतून आली होती. त्याची मुलगी दिव्यांग, तिला हाताने जेवता येत नाही आणि पत्नी अंथरुणाला खिळलेली. यंत्रविद्येचे कोणतेही शिक्षण नसताना त्याने स्वतः अभ्यास करून मुलीला भरवणारा यंत्रमानव तयार केला. मुलीने आवाजी आज्ञा दिली की ते यंत्र हवा तो घास तिच्यापुढे धरते. त्याने त्याला नाव दिले ‘माँ रोबो’. वेठबिगारीवरून ज्याचे नाव पडले, त्या यंत्राला एका बापाने आईचे नाव दिले.

मराठवाड्यात अशा कामासाठी लागणारे हात नाहीत असे नाही. शेतातल्या पंपांमुळे येथे तालुक्यातालुक्यात मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत. तेथल्या कारागिराला मोटारीचा आवाज ऐकूनच तिचा आजार कळतो. नांदेडला विष्णुपुरी येथे १९८१ साली स्थापन झालेले श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. केंद्र सरकारच्या योजनेतून काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या आहेत आणि तेथे सहावी ते बारावीची मुले अशीच सर्किटे हाताळतात. कारागिराचा अनुभव, विद्यार्थ्याचे नवे ज्ञान आणि व्यापारी घराने उचललेला थोडासा खर्च हे तिन्ही एका टेबलाभोवती बसले, तर गावातल्या एखाद्या विशेष शाळेला दहा खेळणी सहज तयार करून देता येतील. दानाच्या पावतीवर ती रक्कम फार मोठी दिसणार नाही, एवढेच.

म्हणून यंदा माळ्यावरचे खोके उतरले की आजोबांनी आणि नातवाने आधी समोरासमोर बसावे. हत्यारे उचलण्यापूर्वी एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. ही वस्तू कोणी, कोठून आणली. आज आपण तिच्यात काय बदलले. आणि तो बदल परत कसा काढायचा. वही खेळण्याच्या खोक्यातच ठेवावी. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला, त्यांना हे एक पान जड जाऊ नये. चाळीस वर्षांनी ते खोके पुन्हा उघडणाऱ्याला पत्र्याचे खेळणे मिळेलच, सोबत दोन पिढ्यांच्या समजुतीचा ताळेबंदही मिळेल.