समाजकार्याची पदवी आणि अकरा महिन्यांची भाकरी

बारावीचे निकाल लागले की मंगरूळपीर तालुक्यातील खेड्यांतून मुले-मुली दाखल्यांच्या पिशव्या घेऊन मंगरूळपीर, कारंजा, वाशीम अशा फेऱ्या मारू लागतात. ज्यांना अभियांत्रिकीचे किंवा वैद्यकीचे दार उघडत नाही, ज्यांची शेती दोन-चार एकर कोरडवाहू आहे आणि ज्यांच्या घरातील कोणी पूर्वी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशांपैकी काहीजण समाजकार्याच्या पदवीकडे वळतात. वाशीमला रामराव सरनाईक समाजकार्य महाविद्यालय आहे. अमरावती आणि नागपूर या विद्यापीठांच्या क्षेत्रांत अशी आणखी बरीच महाविद्यालये आहेत. विदर्भात समाजकार्याचे शिक्षण मिळणे ही आज अडचण राहिलेली नाही. अडचण त्यापुढे सुरू होते. हे शिक्षण घेऊन तो मुलगा किंवा ती मुलगी नेमके काय करणार, कोणाच्या पगारावर करणार आणि किती दिवस करणार, या प्रश्नाला शासनाजवळ उत्तर नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की, पुरोगामी चळवळीनेही हा प्रश्न कधी आपला मानलेला नाही.

समाजकार्य हा शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना आपल्याकडे १९३६ साली रुजली. मुंबईच्या नागपाड्यात गिरणी कामगारांच्या आणि गोरगरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशी ही परंपरा वाढत गेली आणि नंतरच्या दशकांत ती जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये दीर्घकाळ समाजकल्याण खात्याच्या अनुदानावर चालत आली आहेत. म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. परंतु प्रशिक्षित मनुष्याला काम देण्याची जबाबदारी मात्र ते स्वतःवर घेत नाही. विहीर खणायला पैसे द्यावेत आणि मोटेला देऊ नयेत, असा हा हिशेब आहे.

या अभ्यासक्रमात काय शिकवतात याविषयी आपल्या कार्यकर्त्यांत पुष्कळ गैरसमज आहेत. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, कल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती अशी त्याची अंगे आहेत. विद्यार्थ्याला साधारणतः आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी रुग्णालयात, वस्तीत, शाळेत किंवा खेड्यात पाठविले जाते आणि तेथे केलेल्या कामाचा लेखी अहवाल त्याला शिक्षकासमोर मांडावा लागतो. ही पाठ्यपुस्तके पुष्कळशी इंग्रजी आहेत, त्यांतील उदाहरणे परक्या शहरांतील आहेत, आणि माणसाला परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकविण्यावर त्यांचा भर अधिक आहे, हा डाव्या विचाराच्या लोकांचा जुना आक्षेप खोटा नाही. जात, जमीन आणि सावकारी यांना बाजूला ठेवून वाशीम जिल्ह्यात कोणत्याही कुटुंबाचे दुःख समजणार नाही. पण अभ्यासक्रम सदोष आहे म्हणून ते काम अनावश्यक ठरत नाही. तसे असते तर अर्थशास्त्राचे वर्ग आपण केव्हाच बंद केले असते.

हे काम म्हणजे काय, ते मंगरूळपीरच्याच भागातील अनुभवावरून पाहू. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न २००१ नंतर सरकारी दप्तरात मोजला जाऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील सहा जिल्ह्यांत वाशीम होता. या सर्व काळात आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या मदतीची एक पद्धत ठरून गेली. प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते आणि नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज, वसुलीचा तगादा या निकषांवर ते 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. पात्र ठरल्यास एक लाखाची मदत मिळते. अपात्र ठरल्यास फाईल बंद होते.

आता ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घराकडे पाहा. जमीन सासऱ्याच्या नावावर असते. कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचे असते, म्हणजे कागदावर ते नसतेच. विधवेला वारसनोंद करून फेरफार घ्यायचा असतो. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज दुसऱ्या खात्याकडे जातो. सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. पण हे तिला सांगणार कोण? शिवाय तिला झोप नाही, थोरला मुलगा शाळा सोडून मजुरीला जाऊ लागला आहे, आणि दीर जमिनीची वाटणी मागत आहे. तलाठी महसुलाचा, ग्रामसेवक ग्रामपंचायतीचा, कृषी सहायक पिकाचा, आशा आरोग्याची, अंगणवाडी सेविका सहा वर्षांखालील मुलांची. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे आणि ते आपापल्या परीने ते करतातही. परंतु ते कुटुंब एक कुटुंब म्हणून कोणाच्याच नोंदवहीत नाही. पाच कार्यालयांतील पाच अर्ज एकत्र पाहणारा, महिन्यातून दोनदा त्या उंबरठ्यावर जाणारा, मुलाला पुन्हा शाळेत बसविणारा आणि प्रसंगी तहसीलदाराशी भांडणारा जो मनुष्य हवा, त्यालाच जगात समाजकार्यकर्ता म्हणतात. हे काम निव्वळ कनवाळूपणाने होत नाही. त्याला कायदा माहीत असावा लागतो, ऐकून घेण्याची सवय असावी लागते, आणि कोणती गोष्ट कोणाजवळ बोलू नये हे शिकावे लागते.

शासनाला ही गरज समजलेली नाही असेही नाही. २०१५ मध्ये आत्महत्याप्रवण चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' हा समुपदेशन प्रकल्प सुरू झाला. गावपातळीवर खचलेली माणसे शोधण्याचे काम त्यात कोणाकडे आले? आशा ताईंकडे. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, साथीचे सर्वेक्षण, आणि त्यात हे एक. ज्या बाईला सरकार आपली कर्मचारी मानायलाही तयार नाही, तिच्या हाती एक प्रश्नावली देऊन माणसांचे मन वाचायला सांगण्यात आले.

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद करतात. गरजेच्या पाठीशी पैसा उभा राहिला म्हणजे तिला मागणी म्हणतात. वाशीम जिल्ह्यात समाजकार्यकर्त्याची गरज उदंड आहे, मागणी नाही. कारण ज्यांना तो हवा आहे त्यांच्याजवळ त्याचे शुल्क देण्यास पैसा नाही. अशा ठिकाणी मागणी निर्माण करू शकते ते केवळ शासन. शाळामास्तरांच्या बाबतीत शासनाने हेच केले. गावाला शिक्षकाचा पगार परवडतो काय, असे कोणी विचारले नाही. मग येथेच काय आडवे येते? आडवे येते ते हिशेबाचे एक वळण. समृद्धी महामार्ग मंगरूळपीर तालुक्यातून गेला. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा पहिला टप्पा खुला झाला. त्यावरील खर्च भांडवली, म्हणून तो गुंतवणूक. समाजकार्यकर्त्याचा पगार महसुली, म्हणून तो बोजा. पण शाळा सोडून जाणारा मुलगा परत वर्गात बसला, तर त्याचे उत्पन्न पुढील चाळीस वर्षे या देशाच्या पदरात पडते. ही गुंतवणूक नव्हे, तर दुसरे काय?

पदे अजिबात नाहीत असे नाही. बालसंरक्षण कक्षात आहेत, एचआयव्ही समुपदेशन केंद्रांत आहेत, राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहेत. पण त्यांतील बहुतेक कंत्राटी. करार अकरा महिन्यांचा. मग एक-दोन दिवसांचा खंड. मग पुन्हा करार. दहा-बारा वर्षे अशी काढलेली माणसे पस्तिशी ओलांडतात, आणि तेव्हा त्यांना कळते की इतरत्र अर्ज करण्याचे वय निघून गेले. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले ते यासाठीच. त्याच डिसेंबरापासून अंगणवाडी सेविकांचा संप पन्नासहून अधिक दिवस चालला. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'. भाषेची ही चलाखी लक्षात घेण्यासारखी आहे. वेतन म्हटले की कायदा येतो, भविष्यनिर्वाह निधी येतो. मानधन म्हटले की मान तेवढा शिल्लक राहतो आणि धन कमी केले तरी चालते. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क आहे हे सांगण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

यावर एक उत्तर ठरलेले असते: स्वयंसेवी संस्था आहेत, उद्योगांचा सामाजिक निधी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले, हे खरे. परंतु त्याच कायद्याने कंपनीच्या आसपासच्या क्षेत्राला प्राधान्य द्यावे असेही सांगितले. जेथे कारखाना तेथे दान, असा तो व्यवहार आहे; मंगरूळपीरच्या वाट्याला त्यातून काय येणार? परदेशी मदतीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. मिळालेला निधी खेड्यातील लहान संस्थेकडे सोपविण्यासही बंदी झाली. कात्री सर्वांत आधी लागली ती संस्थेतील पगारी माणसांना. खुद्द टाटा समाजविज्ञान संस्थेत २०२४ च्या जूनमध्ये कंत्राटी अध्यापक व कर्मचारी मिळून शंभराहून अधिक लोकांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या गेल्या. ओरड झाल्यावर त्या मागे घेतल्या. जेथे समाजकार्य शिकवायचे तेथे ही अवस्था, तर तालुक्याच्या गावी काय असेल!

आता थोडे आपल्या माणसांविषयी. पुरोगामी कार्यकर्त्यांत 'पगारी समाजसेवक' हा शब्द अजून शिवीसारखा वापरला जातो. गाडगेबाबांनी पगार घेतला होता काय, असे विचारले जाते. नाही घेतला, पण गाडगेबाबांनी धर्मशाळा आणि शाळा उभारल्या त्या भक्कम दगडा-विटांच्या, दर पावसाळ्यात नव्याने शाकारायच्या झोपड्या नव्हेत. असामान्य माणसाच्या त्यागावर सामान्य माणसाची व्यवस्था उभी करता येत नाही. शिवाय त्यागाची भाषा बोलणाऱ्यांच्या घरी बहुधा दुसरा पगार असतो. दलित वस्तीतून किंवा बंजारा तांड्यातून आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधर मुलीला फुकट सेवा कर म्हणणे म्हणजे हे क्षेत्र खात्यापित्या घरांसाठी राखून ठेवणे होय. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा संस्थेचे विद्यार्थी संपावर गेले ते अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत बंद झाल्यामुळे, हे येथे आठवावे.

पगारी काम आणि सामाजिक बांधिलकी यांचे वैर आहे, हेही खरे नाही. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. मार खाऊन आलेल्या बाईशी पोलिसाआधी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बोलेल, ही त्यातील साधी पण क्रांतिकारक कल्पना. पुढे राज्य शासनाने हे कक्ष आपलेसे केले. १९९६ मध्ये मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली तीही टाटा संस्थेच्याच क्षेत्रप्रकल्पातून. दोन्ही ठिकाणी काम पगारी माणसांनी केले, आणि चांगले केले.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. १९७२ च्या दुष्काळातील मदतकामे ही सरकारची कृपा होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला, तेव्हा काम मागणे हा हक्क झाला. ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक सत्तेला समाजसेवा विभाग चालविणे बंधनकारक झाले; तोवर तेथेही मुलांचा अधिकारी वेगळा, वृद्धांचा वेगळा, आणि कुटुंब मधल्या मध्ये, असेच चालले होते. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद कायद्यातच घातले; म्हणून ते पद निदान मागता येते, रिक्त असेल तर न्यायालयात विचारता येते. योजनेतील पद योजनेबरोबर मरते, कायद्यातील पद टिकते.

तेव्हा मागणी अशी असावी. प्रत्येक पंचायत समितीत, प्रारंभी निदान वाशीम, नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव या, २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित' ठरविलेल्या चार जिल्ह्यांत, कायद्याने निर्माण केलेली, नियमित वेतनश्रेणीतील समाजकार्यकर्त्यांची पदे असावीत. भरती समाजकार्याच्या पदवीधरांतून व्हावी. आणि एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त किती कुटुंबे द्यायची हे नियमांतच लिहिलेले असावे, नाहीतर त्याच्याकडूनही निवडणुकीच्या याद्या आणि जनावरांची गणना करून घेतली जाईल.

मंगरूळपीरच्या कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईकडे पाहत बसण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकारात चार अर्ज करावेत: तहसील, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालय यांच्याकडे. समाजकार्याशी संबंधित मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि गेल्या पाच वर्षांत 'अपात्र' ठरलेल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांपैकी कितींच्या घरी नंतर कोणी शासकीय मनुष्य गेला. उत्तरे तीस दिवसांत मिळाली पाहिजेत. ती घेऊन दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभांत जावे, आणि सोबत समाजकार्य शिकणारी आपल्या गावची मुले न्यावीत.