कळत नाही की ऐकू येत नाही?

१९९७ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ‘शक्तिमान’ २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा दाखविली गेली. अशी जुनी मालिका ज्येष्ठ मंडळी रमून पाहतात. नवी विज्ञानमालिका लागली, की ‘काही कळत नाही’ म्हणून उठून जातात. घरच्यांना लगेच विस्मरणाची शंका येते. तत्पूर्वी कानांचा विचार करावा.

वाढत्या वयात उंच पट्टीचे ध्वनी आधी मंदावतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात. परिचित कथेत निसटलेला शब्द मन स्वतःच भरून काढते. परग्रहांची, यंत्रमानवांची कल्पित नावे मात्र अंदाजाने ओळखता येत नाहीत. त्यात भर पार्श्वसंगीताची आणि नागपुरी उन्हाळ्यातील कूलरच्या घरघरीची.

उन्हाळ्यात कूलर बंद करू नये. ज्येष्ठांची खुर्ची त्यापासून थोडी दूर, टीव्हीजवळ आणावी. सबटायटल्स सुरू करावीत. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. कधी कानातील मळ हेच कारण निघते. नीट ऐकू येत असूनही रोजच्या गोष्टींचा विसर पडत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. तोवर ‘तुम्हाला नाही कळायचे’ असे कोणी म्हणू नये.