कळ कोणती, हे पुरापूर्वी ठरवा!

हैदराबादचा बेगम बाजार ज्या मुसी नदीच्या सान्निध्यात वसला आहे, त्या नदीने २८ सप्टेंबर १९०८ रोजी हजारो बळी घेतले. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर आश्रय घेतलेली सुमारे दीडशे माणसे वाचली, हे तेथे आजही सांगितले जाते. त्या काळी झाड हाच आधार होता. आज यंत्रबोट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आणि ऑक्टोबर २०२० मध्ये खुद्द हैदराबादेत पुरात अडकलेल्यांना बोटींनीच बाहेर काढले. म्हणूनच बोटीच्या पाठीमागे लावावयाच्या आऊटबोर्ड मोटारीची कळ यांत्रिक असावी की इलेक्ट्रॉनिक, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

यांत्रिक पद्धतीत चालकापुढील दांड्यापासून दोन पोलादी केबली इंजिनापर्यंत जातात; एक गिअर बदलते, दुसरी वेग कमी-अधिक करते. खाऱ्या पाण्याने त्या गंजतात, जड होतात, हे खरे. परंतु दांडा जड होऊ लागला की तांडेलाच्या हाताला ते आधीच कळते, आणि नवी केबल पान्याच्या साह्याने गावातला मिस्त्रीही बसवू शकतो.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत दांड्याची हालचाल वायरीतून इंजिनावरील संगणकाला कळते आणि तो हुकूम बजावतो. दांडा बोटाने हलतो, दोन-तीन मोटारी एका लयीत चालतात, लांबलचक बोटीत केबलीचे घर्षण आड येत नाही. बिघाडाची नोंदही यंत्रच ठेवते. हे गुण नाकारणे म्हणजे प्रगतीकडे पाठ फिरवणे होय. मात्र बॅटरी क्षीण झाली अथवा जोडणीत ओल शिरली, तर इंजिन आपला वेग आपणच आवरते किंवा अजिबात दाद देत नाही. मग कंपनीचा माणूस आणि त्याचा संगणक यांची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय केबलीसाठी घडवलेल्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक दांडा सहसा नुसता बदलून जोडता येत नाही. निवड करावयाची ती इंजिन खरेदी करतानाच.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. अनेक मोटारींच्या, खोल समुद्रात गस्त घालणाऱ्या मोठ्या बोटींना इलेक्ट्रॉनिक कळ अवश्य द्यावी. तेथे प्रशिक्षित कर्मचारी असतात, कार्यशाळा असते. नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या एका मोटारीच्या बोटीला आणि किनाऱ्यावरील गरीब मच्छीमाराच्या होडीला मात्र यांत्रिक कळच योग्य. अगदी लहान बोटीत तर मोटारीच्या दांड्यालाच वेगाची मूठ असते. तेथे मधल्या केबलीचीही गरज नाही.

तथापि कळ कोणतीही असो, निगा नसेल तर ती निरुपयोगी. सरकारी खरेदीत बोट येते, समारंभपूर्वक तिचा नारळ फुटतो आणि पुढे ती गोदामात पडून राहते. हे थांबले पाहिजे. खरेदीच्या करारातच सुटे भाग, राखीव केबल वा दुसरी बॅटरी आणि जिल्ह्यात दुरुस्तीची सोय यांची अट असावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बोट पाण्यात उतरवून पाहावी. गावातील चार तरुणांना ती चालवण्याचे आणि उघडून जोडण्याचे शिक्षण द्यावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असावी, हेही त्यांच्या अंगवळणी पाडावे.

निविदेच्या कागदावर सर्वांत नवे यंत्र सर्वांत शोभून दिसते. पण छपरावर बसून बोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला यंत्राच्या नवेपणाशी कर्तव्य नसते. ते चालू व्हावे, एवढेच त्याचे मागणे असते. खरेदीच्या आदेशावर सही करणाऱ्यांनी त्या माणसाच्या जागी बसून विचार करावा.