१२.३१ ला बाहेर या!

मे महिना म्हटलं की आपल्याला फक्त सबमिशन्स आणि ओरल्स आठवतात. पण मित्रांनो, १४-१५ मेच्या सुमारास दुपारी साधारण १२.३१ ला तळेगावात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली चक्क गायब होते! हा शून्य सावली दिवस दिल्लीकरांच्या नशिबातच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला. आपल्याकडे जुलैअखेर तो पुन्हा येतो, पण तेव्हा मावळात ढगच ढग. म्हणजे चार वर्षांत जेमतेम चार चान्स! उभ्या रेषेचा टॉप व्ह्यू म्हणजे बिंदू, हे आपण ड्रॉइंगच्या तासाला घोकतो. इथे ते फुकटात दिसतं. म्हणून माझं स्पष्ट मत, त्या दिवशी कॉलेजने घंटा द्यावी. सर, मॅडम, मेसचे काका, वॉचमन मामा, सगळ्यांनीच पाच मिनिटं ग्राउंडवर यावं!