आजीचा नवा सांधा



मांडीचं हाड वर कमरेपाशी जिथे जोडलेलं असतं, तो खुब्याचा सांधा. वाटीत चेंडू बसवावा, तशी त्याची रचना. हा सांधा झिजला की चालणं अवघड होतं. मग डॉक्टर तिथे कृत्रिम सांधा बसवतात. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा चेंडू आणि टिकाऊ प्लॅस्टिकची वाटी वापरून या शस्त्रक्रियेचा पक्का पाया घातला.

पण आजी घरी आली म्हणजे काम संपलं, असं नाही हं! सांध्याभोवतीचे स्नायू बळकट व्हायला काही आठवडे लागतात. तोवर पाय नको तसा वळला, तर चेंडू वाटीतून निसटू शकतो. म्हणून मांडी घालणं, उकिडवं बसणं, खाली वाकणं, पायावर पाय टाकणं बंद! बसायला हातांची, उंच खुर्ची हवी. देवपूजेलाही खुर्चीच. शौचालयातली बैठकही उंच हवी. ही पथ्यं किती दिवस पाळायची, ते डॉक्टर सांगतील.

आता तुमचं काम. वाटेतलं पायपुसणं, दप्तर, खेळणी उचला. सांडलेलं पाणी लगेच पुसा. आजीचा चष्मा खाली पडला, तर तुम्ही उचलून द्या.

पण सगळंच तुम्ही करू नका बरं का! आजी नुसती पडून राहिली, तर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. तिला वॉकर घेऊन थोडं थोडं चालू द्या. तुम्ही फक्त सोबत राहा. जिन्याचं सूत्र सोपं आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

पोटरी सुजली, जखम लाल झाली किंवा ताप आला, तर मोठ्यांना लगेच सांगा. धाप लागली, छातीत दुखलं किंवा पाय एकाएकी टेकवेनासा झाला, तर थेट हॉस्पिटल! आजी म्हणेल, "राहू दे रे, उगाच कशाला धावपळ?" तरी सांगायचंच.

आई-बाबांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधं मात्र बंद करू नका.

आणि मुलांनो, आजचा गृहपाठ : आजीच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चालत जा. वाटेत अडखळण्यासारखं काय काय आहे ते मोजा, आणि उचलून ठेवा!